उरलेल्याचं वजन

९ नोव्हेंबर

ती. बाबा,

सुखरूप पोचले. फोन करणार होते, पण फोनवर तुम्ही "काय? काय म्हणालीस?" करत राहता, मी ओरडत राहते आणि शेवटी आमच्या अख्ख्या ऑफिसला आईच्या पोटाचं ऑपरेशन तोंडपाठ होतं. तेव्हा पत्रच बरं. कान गेले तरी डोळे अजून शाबूत आहेत तुमचे.

निघताना डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हाला धड ऐकू आलं नसेल, म्हणून लिहिते. आईच्या अंगात ताकद आली, वजन थोडं तरी वाढलं, तरच पुढची औषधं सुरू करणार आहेत. आत्ताच्या अंगाला ती सोसणार नाहीत. म्हणजे सगळी भिस्त जेवणावर. आणि आईला विचारण्यात काही अर्थ नाही. "जेवले गं पोटभर" हे ती उपाशी असतानाही म्हणते, लहानपणापासून ऐकतेय मी.

म्हणून माझं एक काम करा. इथे गोठ्यात आम्ही रोज सकाळी प्रत्येक गायीच्या गव्हाणीत चारा आणि पेंड मोजून घालतो. दुसऱ्या दिवशी गव्हाणीत जे उरलं असेल ते काढून पुन्हा मोजतो. घातलेल्यातून उरलेलं वजा केलं की पोटात किती गेलं ते कळतं. गाय काही सांगत नाही, म्हणून उरलेल्याला विचारायचं. आईचंही तसंच करा. वाढलेलं ताट मोजा, ती उठली की उरलेलं मोजा, आणि मला कळवा. जन्मभर लोकांचे वजनकाटे दुरुस्त केलेत, आता एक घरासाठी वापरा.

मी नक्की करते काय, असं तुम्ही विचारलं होतंत. गायीच्या खाण्यातलं प्रोटीन कमीजास्त केलं तर दुधातलं प्रोटीन कसं बदलतं, ते बघते. दूध ज्याच्यामुळे घट्ट विरजतं, ज्याचं चीज होतं, ते प्रोटीन वेगळं आणि पाण्याबरोबर निथळून जातं ते वेगळं. कुठलं किती, ते काढते. बादली तेवढीच भरलेली दिसते, पण त्या बादलीत आहे काय, हा माझा प्रश्न. आईला एवढं समजावून सांगा. शेजारणीला ती "आमची ठमी दुधातलं पाणी पकडते" असं सांगत होती, मी स्वतः ऐकलंय.

तुमची,
ठमी

१७ नोव्हेंबर

ठमाबाई,

पत्र मिळालं. तुझ्या आईला वाचून दाखवलं. तिच्या मते मी इतक्या मोठ्याने वाचलं की आता शेजारणीलाही दुधातलं प्रोटीन कळलंय.

दुकान बंद करताना मी सगळं विकलं, पण पितळी पारड्यांचा काटा ठेवला होता. तो माळ्यावरून काढला, घासून लख्ख केला, वजनं तपासली आणि जेवणाच्या टेबलावर मांडला. तुझी आई बघत होती. म्हणाली, "झालं! आता माझी गाय केलीत." मी म्हटलं, "गाय गरीब असते, तुला कोण गाय म्हणेल?" त्यावर ती अशी हसली की टाके ओढले गेले, आणि मग मला शिव्या बसल्या.

आता खरं ते लिहितो. माझ्या काट्याने कधी कुणाला ग्रॅमभर फसवलं नाही, पोटच्या पोरीला कशाला फसवेल? निम्मं ताट उरतं. कुस्करलेला बटाटा चमच्याने इकडून तिकडे फिरवते. अंड्यातलं पिवळं तेवढं खाते. दुधातला पाव फुगून तसाच राहतो. रागावलो की आणखी दोन घास घेते आणि मग ते जड जातात म्हणून रात्री कण्हते, त्यामुळे रागवायचीही चोरी.

हे तुला कळवू नका म्हणत होती. "ती उठून येईल आणि माझ्या उशाशी बसेल. तिच्या गायी कोण बघणार?" मी म्हटलं, मोजायला पोरीनेच सांगितलंय, लपवणार कसं? तेव्हा तोंड भिंतीकडे फिरवलं. ती असं तोंड फिरवते तेव्हा मला भीती वाटते.

बाबा

२६ नोव्हेंबर

ती. बाबा,

निम्मं ताट! आणि तुम्ही विनोद कसले करताय? थोडं थोडं, चार वेळा द्या. दूध पातळ करू नका, उलट त्यात दुधाचीच पावडर घाला. अंडं पुरं खाल्लं पाहिजे, पांढऱ्यातच जास्त प्रोटीन आहे.

मला कसली भीती वाटते ते सांगू? नुकती व्यालेली गाय कमी खायला लागली तरी लगेच दूध तोडत नाही. आपल्या अंगातलं काढून देत राहते, चरबी देते, मांस देते. बादलीकडे बघून काही कळत नाही. कळतं तेव्हा पाठीची हाडं वर आलेली असतात. आई तशीच आहे. घर चालू आहे, हसणं चालू आहे, म्हणून तुम्ही फसू नका.

मी सरांशी बोलले. प्रयोग थांबवता येत नाही, कारण गायींच्या दुधाचे हे महिने एकदा गेले की गेले. मी निघाले तर प्रयोग दुसऱ्याच्या हाती जाईल. माझा स्वतःचा असा हा पहिलाच, पण जाऊ दे गेला तर. हे मी तोंडदेखलं लिहीत नाहीये. आई पडून असताना मला तिच्याशी बोलत बसायचंय. कितीतरी गोष्टी आहेत ज्या मी तिला कधी विचारल्याच नाहीत. ती लग्नाआधी कशी होती, हेसुद्धा मला धड माहीत नाही.

तुम्ही लांबण लावू नका. कार्डावर नुसतं "ये" लिहा. मी त्याच दिवशी गाडीत बसेन.

ठमी

६ डिसेंबर

ठमे,

गाडीत बसू नकोस. ताट साफ!

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून पारडं बदललं बघ. तू सांगितल्याप्रमाणे चार वेळा देतो. बटाटा, अंडं, पावडर घातलेलं दूध, सगळं. उरलेलं म्हणून काट्यावर ठेवायला काही नसतं, फक्त ताट ठेवतो, समोरच्या पारड्यात ताटाच्या वजनाचं माप. काटा शून्यावर उभा राहतो आणि मी त्याच्याकडे बघत बसतो. आधी कधी इतका वेळ कुठल्या काट्याकडे बघितलं नव्हतं.

तेव्हा येण्याची गरज नाही. तुझी आई म्हणते, गायी टाकून आलीस तर ती तुझ्याशी बोलणार नाही. तिचा स्वभाव तुला माहीत आहे, ती खरंच नाही बोलणार.

बाकी ठीक. माझी राखाडी पँट गरम पाण्यात टाकल्याने आटली, बटण लागत नाही. कपडे मी धुतो ना आता, असले पराक्रम होतातच. खाली तुझी आई दोन ओळी लिहितेय.

बाबा

ठमे, मी जेवते. तुझ्या गायींची शपथ. तुझे बाबा भांडी चांगली घासतात, हे आधी माहीत असतं तर मी इतकी वर्षं घासली नसती. — आई

१६ डिसेंबर

ती. बाबा, आणि आई,

पत्र चाऱ्याच्या खोलीत उभ्याने वाचलं आणि तिथेच पेंडीच्या पोत्यावर बसून रडले. आनंदाने हो! गोठ्यातल्या काकांना वाटलं, कुणीतरी गेलं. त्यांना ताट दाखवल्यासारखं पत्र दाखवलं.

आई, शाब्बास. शपथ खायची तर गायींची कशाला खाल्लीस, त्या बिचाऱ्या आधीच माझ्या तावडीत आहेत.

आता माझं दुखणं ऐका. माझ्या गायींत एक भोळी आहे, पांढरी, मोठ्या डोळ्यांची, कुणी ढकललं तरी सरकून उभी राहणारी. तिची गव्हाण रोज सकाळी स्वच्छ, उरलेलं जवळजवळ काही नाही. म्हणजे खाते. पण दुधातलं प्रोटीन उतरत चाललंय. जे घट्ट प्रोटीन मला वाढायला हवंय, तेच तिच्यात कमी. शेजारची गुंडी बघा, तोच चारा, आणि कशी तुकतुकीत झालीय! सर म्हणतात, तुझं मोजमाप चुकतंय. मी दूध तीनदा तपासून आणलं. दूध खरं बोलतंय. मग खोटं कोण बोलतंय?

तुम्ही काटेवाले, तुम्हीच सांगा. आणि आईचं वजन किती भरलं, ते लिहायला विसरलात.

ठमी

२७ डिसेंबर

ठमे,

आधी काटा तपास. काटा ज्यावर ठेवलाय ती जमीन सपाट आहे का बघ. पारड्याखाली चाऱ्याची काडी अडकली तरी शेरभराचा फरक पडतो. रिकामं असताना शून्यावर येतो का, रोज बघ. ते सगळं ठीक असेल तर काट्याला दोष देऊ नकोस. त्याच्यावर जे ठेवलंय तेवढंच तो सांगतो. ते तिथे कुठून आलं किंवा कुठे गेलं, हे त्याला विचारायचं नसतं.

तुझ्या आईचं वजन दवाखान्यात केलं. पण तो काटा भंगार आहे, मी बघताक्षणी ओळखलं. स्प्रिंग गेलीय. त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही आणि तूही ठेवू नकोस. डॉक्टरांनी औषधं थोडी पुढे ढकलली आहेत. हवा गार आहे, म्हणाले. सध्या झोपते जास्त.

मी मात्र सुटलोय. पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं, खिळा आणि हातोडी घेऊन. तुझी आई बघून हसली आणि मग तिला खोकला आला.

भोळीचं रोज विचारते. पत्र आलं का, कळलं का तिला काय होतंय ते. काल दुपारी मी समजत होतो ती झोपलीय, तर डोळे मिटूनच म्हणाली, "ठमीला लिहा, गव्हाणीकडे बघत बसू नकोस, गायीकडे बघ." दोनदा म्हणाली, मला पहिल्यांदा ऐकू आलं नाही म्हणून. लिहा म्हणाली, म्हणून लिहितो.

बाबा

७ जानेवारी

ती. बाबा,

आईला सांगा, ती माझ्या सरांच्या वरताण निघाली! सापडलं!

काटा तुम्ही सांगितल्याप्रमाणे तपासला, अगदी चोख. मग काल दुपारी दूध काढून झालं, सगळे जेवायला गेले आणि मी पोत्यांच्या आडोशाला स्टूल टाकून बसले. आई म्हणाली तसं, गव्हाणीकडे न बघता गायीकडे बघत. भोळीने चार घास खाल्ले आणि तोंड फिरवलं. नुसती उभी. आणि गुंडीबाईंनी काय करावं? मधल्या फळीवर गळा टेकवला, जीभ लांब केली आणि भोळीची गव्हाण चाटूनपुसून साफ! गंमत म्हणजे भोळी बाजूला सरकून तिला जागा करून देत होती. जसं काही दोघींचं ठरलेलंच आहे. आणि आम्ही शहाणे रोज सकाळी रिकामी गव्हाण मोजतोय आणि भोळी जेवली म्हणतोय!

जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. भोळीच्या पोटात दुखणं आहे, खाल्लं की कळा येत असणार. मुकं जनावर, सांगणार कुणाला? इतके दिवस अंगातलं काढून दूध देत होती. आणि गुंडीच्या गळ्यातला पट्टा परवाच एक भोक सैल करायला लागला. आम्ही म्हणत होतो, हिला इथली हवा मानवली. हसून हसून पुरेवाट झाली, कुणाच्या वाटणीचं खाऊन

बाबा.

पट्टा.

पँट आटली असं लिहिलंत. मग पट्ट्याला भोक पाडलंत. आईचं वजन विचारलं तर दवाखान्याच्या काट्याला शिव्या दिल्यात. औषधं पुढे ढकलली. झोपते जास्त. आणि मी पोत्यावर बसून आनंदाने रडले.

मी निघालेय. हे पत्र स्टेशनवर पेटीत टाकते. मी तुमच्यासमोर उभी असेन तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही, म्हणून ते येऊ दे मागून.

२० मार्च

ठमे,

तू परत गेल्याला आठवडा झाला. घरात होतीस तितके दिवस औषधाच्या वेळा सोडून माझ्याशी बोलली नाहीस. बहिऱ्या माणसाशी अबोला धरणं सोपं असतं, पण मला तो ऐकू आला. तुझी आई गेली त्या सकाळी तू माझ्या हातात चहाचा कप दिलास, तेवढंच.

तुला कळायला हवं म्हणून लिहितो. माफ कर असं म्हणत नाही.

तुझं "नुसतं ये लिहा" हे पत्र मी तिला वाचून दाखवलं. तिने ऐकून घेतलं आणि ताट माझ्याकडे सरकवलं. "खा हो एवढं. मोजून तिला काय कळवणार आहात? तिचं काम मोडेल." मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मला जात नाही. कळा येतात. आणि अन्न टाकवत नाही माझ्याच्याने. खा." आयुष्यात तिने माझ्याकडे हट्ट म्हणून काही मागितलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला भूक लागली होती. तिच्यासाठी रांधता रांधता माझं खायचं राहून गेलं होतं. खाल्लं. मग ताट काट्यावर ठेवलं. काट्याने खोटं सांगितलं नाही गं, ताट रिकामंच होतं.

पुढे रोजचंच झालं. ती दोन घास घ्यायची आणि सरकवायची. मी खायचो तेव्हा माझ्याकडे बघत राहायची. डिसेंबरातच डॉक्टर म्हणाले होते, आता औषधं देऊन उपयोग नाही, दिली तरी काही झालं नसतं. ते तिला ऐकू आलं आणि तिनेच मला कागदावर लिहून दाखवलं. तरी मी तुला "ये" लिहिलं नाही. लिहिलं असतं तर ती बोलत असताना तू इथे असतीस.

तू आलीस तेव्हा तिने ओळखलं, हात धरला, पण बोलायचं त्राण संपलं होतं. त्याआधी महिनाभर ती बोलत होती, ठमे. दुपारी उशीला टेकून बोलत बसायची. लग्नाआधीचं, तुझ्या जन्माचं, काय काय. तुला सांगायचं ते मलाच सांगत होती. आणि मला निम्मं ऐकू यायचं नाही. परत परत काय विचारायचं म्हणून मी मान डोलवायचो.

ताट तिने दिलं, ते मी खाल्लं. पण ते दिवस तुझ्या वाटणीचे होते, तेही मीच खाल्ले.

बाबा

२ एप्रिल

ती. बाबा,

तुमचं पत्र तीन दिवस टेबलावर नुसतं पडून होतं. राग आहेच. आहे तो लिहूनच टाकते. तुमचा राग येतो, आईचा त्याहून जास्त येतो, आणि गेलेल्या माणसाचा राग करता येत नाही म्हणून तोही तुमच्याच डोक्यावर. प्रयोग काय, पुढच्या वर्षी दुसऱ्या गायी व्याल्या असत्या. आई कुठून आणू?

प्रयोग मी तिकडे असताना सरांनी सांभाळला, आता पूर्ण झाला. भोळी आणि गुंडी, दोघींना हिशेबातून काढून टाकलं. एकीने खाल्लं नाही आणि दुसरीने दोघींचं खाल्लं, म्हणून दोघींचंही दूध काही सांगत नाही. भोळीचं दुखणं बरं झालं. मधली फळी उंच केली. दुधातलं प्रोटीन वर यायला बराच वेळ लागला, पण आलं. गुंडी तिच्याकडे मान वळवून अजून उभी राहते. तिला मारायला धावले होते एकदा. मग हात खाली घेतला. तिच्यासमोर कुणी गव्हाण मोकळी सोडली तर तिने काय करायचं? आणि फळी बुटकी आहे हे आधी बघणं माझं काम होतं. मीच उरलेल्याचं वजन मागत बसले. आई कशी दिसते, असं एका पत्रात तरी विचारलं का मी? आणि आईनेच शेवटी मला सांगितलं, गायीकडे बघ. तिला वाटत होतं बाबा, की मी यावं. नको नको म्हणत वाट बघत होती.

शेजारच्या काकूंचा फोन आला होता. म्हणाल्या, बाबा जेवत नाहीत. कपडे अंगावर लोंबतात. मी तुम्हाला मोजायला सांगणार नाही. पुन्हा कधी कुणाला सांगणार नाही.

एवढंच करा. आईने दुपारी काय काय सांगितलं, ते जेवढं ऐकू आलं तेवढं तरी मला लिहून पाठवा. निम्मं तर निम्मं.

ठमी

११ एप्रिल

ठमे,

लिहायला बसलो होतो. दोनदा बसलो. ती सांगत होती की लहानपणी तिला पोहायला यायचं, आणि नदीपलीकडे कुणीतरी राहायचं, तिथे ती पोहत जायची. कोण राहायचं ते मला ऐकू आलं नाही. तुझं नाव आधी वेगळं ठेवणार होती. ते नाव ती बोलली आणि हसली, मीही हसलो, पण मला ते कळलं नव्हतं. असलं अर्धंमुर्धं कागदावर उतरवलं की फारच थोडं दिसतं. तोंडाने सांगायला बसलो तर कदाचित तिचे हातवारे करून दाखवता येतील, ती बोलताना ओठ कसे हलत होते तेही. तू बघून ओळखशील. तिचं अर्धं बोलणं तुला नेहमीच कळायचं.

काकूंचं खरं आहे. पट्ट्याचं नवीन भोक केव्हाच मागे पडलं, आता जुनंही सैल होतं. रांधतो मी. बटाटा कुस्करतो, अंडं उकडतो, दोघांचं करायचा हात बसलाय तो जात नाही. दोन घास खातो आणि माझ्याही नकळत ताट समोर सरकवतो. मग बसून राहतो. पलीकडून कुणी ओढून घेत नाही.

काटा माळ्यावर टाकला.

तू नोव्हेंबरात मागितलेलं उत्तर राहून गेलं होतं. आईसाठी उशीर झाला. माझ्यासाठी लिहितो.

ये.

बाबा